सांगोवांगीच्या बाजूने

‘सांगोवांगीच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका’ हे वाक्य मी किती पत्रकांवर लिहिलं असेल, याची गणती नाही. आरोग्यशिक्षणाचं साहित्य लिहिणं हा माझा व्यवसाय. भित्तिपत्रकं, घडीपत्रकं, आकाशवाणीसाठी दोन-तीन मिनिटांच्या संहिता, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गेरूने रंगवायच्या घोषणा. पाणी उकळून प्या, बाळाला चीक पाजा, जुलाब झाले तर जलसंजीवनी द्या. हे सगळं लिहिताना माझी एक पक्की धारणा होती. अफवा पसरते, कारण ती चटकदार असते आणि लोक भोळे असतात. शहाणपण पसरत नाही, कारण ते रुक्ष असतं. तेव्हा आपण शहाणपणाला चटकदार करावं. यमक जुळवावं, चित्र मोठं काढावं, मजकूर चार शब्दांत बसवावा. पुढचं काम मजकूर करील.

आता मी असं मानत नाही. मजकुराच्या जादूवरचा माझा विश्वास बराचसा उडाला आहे आणि लोकांच्या भोळेपणावरचा तर जवळजवळ पूर्ण. एखादी कल्पना तोंडोतोंडी पसरताना दिसली, की ती सांगणाऱ्याच्या पदरात काय पडतंय, हे मी आधी बघते. इथवर यायला बरीच वर्षं लागली. ज्या घटनांनी मला इथवर आणलं, त्यातली पहिली माझ्या कामातली नव्हतीच. ती गणपतीची होती.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपंधरवडा चालू होता. दिल्लीतल्या एका देवळात पहाटे गणपतीच्या मूर्तीने चमच्यातलं दूध प्यायल्याची बातमी निघाली. दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा लागल्या आणि एका दिवसाच्या आत लंडन-लेस्टरच्या देवळांतही लोक वाटी-चमचा घेऊन उभे राहिले. मोबाइल फोन भारतात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि तो मूठभर लोकांच्या हातात होता. हा सगळा भार घरच्या फोनने, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथने आणि जिन्यातल्या गप्पांनी वाहिला. आमच्या भागातला दूधवाला नेहमीच्या वेळेच्या कितीतरी आधी रिकामे कॅन घेऊन परत गेला.

मी रांगेच्या कडेला उभी राहून चिडत होते. घरी आल्यावर एक पान लिहून काढलं. चमचा तिरका करून सोंडेला टेकवला, की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढलं जातं, चमच्याच्या कडेवरून निसटतं आणि मूर्तीच्या अंगावरून अगदी पातळ थराने खाली उतरतं. संगमरवर पांढरा, दूध पांढरं, म्हणून ओघळ दिसत नाही. दिल्लीत केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून हेच दाखवलं. पानाच्या प्रती काढून चार ठिकाणी चिकटवल्या. लोकांनी वाचलं, माना डोलावल्या आणि पुढे गेले. त्या पानातलं एकही वाक्य मला कुणाच्या तोंडून परत ऐकू आलं नाही.

आमच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी दुधात चिमूटभर कुंकू कालवलं. रंगीत दुधाची बातमी त्यांच्या कानावर आली होती की स्वतःलाच सुचलं, मला माहीत नाही. घरातल्या पितळी गणपतीला चमचा लावला. चमचा हळूहळू रिकामा झाला आणि सोंडेखालून पोटावर, पोटावरून पाटावर एक गुलाबी रेघ उतरली. ‘‘अहो ताई, इथं बघा, ओघळ आलाय,’’ असं म्हणून त्यांनी पाटावरचं दूध बोटाने पुसलं आणि ते बोट मला दाखवलं. बघता बघता शेजारच्या चाळीत कुंकू कालवलेल्या वाट्या फिरू लागल्या. प्रत्येक घरातल्या पाटावर कुणीतरी वाकून बघत होतं.

तेव्हा मला एवढंच जाणवलं, की माझं पान भिंतीवर राहिलं आणि कुंकवाची वाटी फिरली. त्यामागचं कारण लक्षात यायला वेळ लागला.

रांगेतल्या माणसांना भोळं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण ती माणसं नेमकं करत काय होती? कुणीतरी एक दावा केला होता आणि तो खरा की खोटा, हे बघायला ती स्वतःचा चमचा घेऊन आली होती. दूध कमी होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. जे पाहिलं ते खरंच होतं, चमच्यातून दूध जातच होतं. कारण तेवढं चुकीचं लावलं गेलं. रांगेतून परतलेल्या प्रत्येकाजवळ सांगायला स्वतःचं असं एक वाक्य होतं: ‘मी स्वतः पाजलं.’ माझं पान वाचलेल्या माणसाजवळ काय होतं? ‘ते म्हणे पृष्ठताणामुळे होतं.’ म्हणजे त्या दिवशी साक्षीदार चमत्काराच्या बाजूला होते आणि सांगोवांगी माझ्या बाजूला होती. कुंकवाच्या वाटीने हा तोल फिरवला. शंका घेणाऱ्यालाही ‘मी स्वतः पाहिलं’ असं म्हणायची सोय तिने करून दिली.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांना हे माझ्या कितीतरी आधी कळलं होतं. जिभेवर जळता कापूर ठेवण्यासारखे ‘चमत्कार’ ते गावोगाव स्वतः करून दाखवतात. मला ते तेव्हा जरा उथळ वाटायचं. विज्ञान समजावून सांगायचं सोडून हे जादूचे प्रयोग कशाला, असं मी म्हणतही असे. आता म्हणत नाही.

हीच गोष्ट मुंबईत पुन्हा दिसली. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची बातमी फुटली. लोक बाटल्या भरून नेत होते, पोरांना पाजत होते आणि पाणी पिऊ नका म्हणून महापालिका कळकळीने सांगत होती. त्याच दोन-तीन दिवसांत गणपतीच्या दुधाची बातमीही पुन्हा फिरली. मी सवयीने मनातल्या मनात इशाऱ्याचा मजकूर जुळवायला लागले होते: ‘अफवांना बळी पडू नका.’ मग थांबले. ज्याने घोट घेऊन पाणी खारट नसल्याचं स्वतः अनुभवलं होतं, त्याला ही अफवा आहे म्हणणं व्यर्थ होतं. भर पावसाळ्यात मिठी नदीतून एवढं पाणी खाडीत येतं, की किनाऱ्याजवळचा खारटपणा खरोखरच उतरू शकतो. त्याची जीभ खरं बोलत होती. सांगायला हवं होतं ते एवढंच, की ज्या नदीने हा खारटपणा घालवला, तिच्यातूनच शहराचं सांडपाणीही येतं. लोकांच्या अनुभवाला खोटं ठरवून सुरू होणारं पत्रक पहिल्या ओळीतच ऐकणारा गमावतं, हे मला माहीमच्या पाण्याने शिकवलं.

त्यानंतर मी माझ्याच घरातल्या एका गोष्टीकडे नव्याने बघितलं. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं महालक्ष्मीचं व्रत आमच्याकडे होतं. शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना बोलावून हळदीकुंकू, एक फळ आणि व्रताच्या पोथीची एक प्रत द्यायची. वैभवलक्ष्मीच्या व्रतात उद्यापनाला सात, अकरा, एकवीस, जमेल तितक्या पुस्तिका वाटतात. संतोषी मातेचे शुक्रवारही असेच एकीकडून दुसरीकडे गेले. ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट १९७५ मध्ये, ‘शोले’च्याच वर्षी आला आणि थोडक्या पैशांत काढलेल्या त्या चित्रपटाला बायका चपला बाहेर काढून जाऊन बसल्या. पण व्रत त्याआधीच उत्तरेतल्या घराघरांत बायकांनी एकमेकींना सांगून पोचवलेलं होतं. सोळा शुक्रवार, आंबट खायचं नाही, प्रसादाला गूळ आणि फुटाणे, आणि हातात तेच घेऊन कहाणी ऐकायची.

या व्रतांनी फळ मिळतं असं मी तेव्हाही मानत नव्हते आणि आजही माझं मत तेच आहे. मी बघितली ती त्यांची बांधणी. लागणारं सामान घरातच असतं किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे चार पैशांत मिळतं. काय करायचं, किती वेळा करायचं, कधी संपवायचं हे ठरलेलं असतं. कहाणी मोठ्याने सांगायची असते, म्हणजे ऐकणारं कुणीतरी लागतंच. आणि पुढे देणं हे व्रतापासून वेगळं नाही, त्याशिवाय व्रत पुरं होत नाही. जिला पुस्तिका मिळते, ती पुढच्या वर्षी देणारी होते. आमच्या खात्यांनी छापलेल्या हजारो घडीपत्रकांपैकी एकावरही ‘हे करून झालं, की शेजारणीच्या हातून करवून घ्या’ असं मी लिहिलेलं नव्हतं. वाचणारीला मी शेवटची वाचक समजत होते.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्वतःचा काडीचा अनुभव नसतानाही पसरणाऱ्या गोष्टी असतात. ‘हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर अरिष्ट येईल’ अशी पोस्टकार्डं ज्यांच्या दारात पडली, त्यांना हे सांगायला नको. १८५७ च्या सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात फिरलेल्या चपात्यांचं उदाहरण तर याहून मोठं आहे. एका गावचा चौकीदार दुसऱ्या गावच्या चौकीदाराला चपात्या देई आणि सांगे, अशाच आणखी करून पुढच्या गावांना पोचव. त्यांचा अर्थ काय, हे देणाऱ्याला ठाऊक नसे आणि घेणाऱ्यालाही. कंपनी सरकारचे अधिकारी बुचकळ्यात पडले. बंडाचा इशारा म्हणावं, की पटकीची साथ गावाबाहेर घालवायचा तोडगा, यावर आजही तर्कच चालतात. त्या चपात्यांत ‘पुढे दे’ याखेरीज कुठलाच निरोप नव्हता, तरी त्या धावल्या.

म्हणून मी आता तोंडोतोंडी पसरण्याचे दोन प्रकार मानते. एक धावणारा. भीती, नवल, ‘तुम्हाला कळलं का?’ म्हणण्यातली ऐट यांवर तो चालतो. तो एका दिवसात देश ओलांडतो आणि दुसऱ्या दिवशी विरतो. २२ सप्टेंबरला बहुतेक देवळांतले गणपती दूध प्यायचे थांबले होते आणि लोक कामाला लागले होते. दुसरा प्रकार मुरणारा. त्यात ऐकणारा काहीतरी करू लागतो आणि करत राहतो. तो संथ असतो, बातमी होण्याइतका वेग त्याला कधीच येत नाही. माझ्यासारखे लोक वर्षानुवर्षं पहिल्या प्रकाराच्या वेगाकडे बघून हेवा करत राहिले आणि दुसऱ्या प्रकाराचं काम पहिल्याच्या हत्यारांनी करू बघत होते.

दुसऱ्या प्रकाराचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण बांगलादेशातलं आहे आणि ते माझ्याच विषयातलं आहे. त्याची सुरुवात मात्र सीमेच्या अलीकडे झाली. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चारच्याही खाली आलं. डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ढाक्यात १९६८ मध्येच हे द्रावण पटकीच्या रुग्णांवर वापरून दाखवलं होतं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने लिहिलं, की हा या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरू शकतो. इतकं सगळं होऊनही घराघरांत पोरं जुलाबाने मरतच होती. शोध खरा होता, स्वस्त होता, सोपाही होता. माझ्या जुन्या हिशोबाने तो आपोआप पसरायला हवा होता.

‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० मध्ये देशव्यापी काम सुरू केलं, त्याची रीत अगदी घरगुती होती. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. लोबोन-गुर, म्हणजे मीठ-गूळ. संस्थेच्या कार्यकर्त्या गावोगाव पायी फिरत, एकेका घरी एकेका आईजवळ बसत आणि तिच्याच हातून, तिच्याच भांड्यात ते पाणी करवून घेत. काही आठवड्यांनी दुसरं माणूस येऊन काही आयांना विचारी: काय आठवतं? करून दाखव. आईला जितकं आठवे, त्यावर शिकवणारीचा पगार ठरे. किती घरं फिरली, किती पत्रकं वाटली, याला किंमत नव्हती. हे वाचलं तेव्हा मला माझे सगळे अहवाल आठवले. ‘अमुक हजार पत्रकांचं वितरण’ असं त्यात अभिमानाने लिहिलेलं असे.

पण मला खरं हलवलं ते पुढच्या भागाने. आयांना कृती नीट आठवत होती, द्रावणही बरोबर जमत होतं, तरी घरात जुलाब झाल्यावर ते वापरणाऱ्या अगदी थोड्या निघाल्या. शोध घेतल्यावर कळलं, की शिकवणाऱ्यांपैकीच अनेकींचा त्यावर भरवसा नव्हता. स्वतःच्या घरी जुलाब झाले, की त्या गोळ्या आणत. मग त्यांना ढाक्याच्या रुग्णालयात नेऊन द्रावणाने उठून बसणारे रुग्ण दाखवण्यात आले आणि आधी स्वतःच्या घरात वापरा असं सांगण्यात आलं. दुसरा अडसर पुरुषांचा होता. बाईला शिकवलं आणि नवऱ्याला वगळलं, तर तो औषधाच्या दुकानात जाई. मग बाजारात, मशिदीत, शाळेत पुरुषांशीही बोलणी झाली. वापर वाढला तो त्यानंतर. १९९० पर्यंत हे काम सुमारे सव्वा कोटी घरांत पोचलं होतं आणि त्यापुढे ते आईकडून लेकीकडे जात राहिलं. दहा वर्षं गेली. गणपतीच्या दुधाला एक दिवस लागला होता.

सांगणारीने स्वतः केलेलं नसेल, तर ऐकणारीला ते कळतं. कसं कळतं, हे मला सांगता येणार नाही, पण कळतं. आम्ही मात्र पत्रकाला आवाज नसतो हाच त्याचा गुण समजत होतो. पत्रक दमत नाही, चुकत नाही, सगळीकडे तेच सांगतं. पण ‘माझ्या धाकट्याला मी हेच दिलं होतं’ असं पत्रकाला म्हणता येत नाही.

आता माझ्या कामातली एक गोष्ट जवळून सांगते. आमच्या भित्तिपत्रकांवर वर्षानुवर्षं ‘जुलाबावर उपाय: जलसंजीवनी’ असं छापलं जायचं. एका वस्तीत मी गेले, तर नळावरच्या बायका ठामपणे म्हणाल्या, ‘‘त्या पाण्यानं काय होत नाय.’’ विचारत गेले तेव्हा उलगडा झाला. एकीने पत्रक वाचून पाणी दिलं, जुलाब चालूच राहिले. तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने बहिणीला. त्यांचं म्हणणं रास्त होतं. जलसंजीवनी जुलाब थांबवत नाही. अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार ती भरून काढते, जुलाब आपल्या वेळेला थांबतात. ‘उपाय’ या शब्दाने जे वचन दिलं होतं, ते त्या पाण्यात नव्हतंच, आणि हा खोटेपणा तोंडोतोंडीच्या वाटेने बरोबर पकडला होता.

त्याच वस्तीतल्या अंगणवाडीच्या सेविकाबाई हे काम वेगळ्या तऱ्हेने करायच्या. मलूल पोर मांडीवर घेतलेल्या आईजवळ त्या बसायच्या, वाटी-चमचा तिच्याच हातात द्यायच्या आणि तिचं बोट धरून बाळाच्या टाळूवर ठेवायच्या. ‘‘खोल लागतंय का? जुलाबाकडं बघू नको. ते होतील अजून. तू टाळू बघ, डोळं बघ, आणि लघवीला कधी होतंय ते मला सांग.’’ मग चमचा-चमचा पाणी. ओकलं, तर थोडं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. दुपारनंतर पोर रडलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं आणि थोड्या वेळाने आईचा पदर ओला झाला. ती बाई हसत उठली आणि दारातूनच पलीकडे ओरडली, ‘‘लघवीला झालं गं!’’

‘लघवीला झालं’ हे वाक्य त्या वस्तीत पसरलं. माझ्या कुठल्याही घोषणेपेक्षा ते चांगलं होतं. त्यात एक आई होती, एक खूण होती आणि ती खूण कुणालाही आपल्या पोरावर ताडून बघता येत होती. प्रतिबंधाची आणि काळजीची कामं पसरत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच आहे, की न घडलेल्या मरणाची गोष्ट सांगता येत नाही. हात धुतल्यामुळे जे जुलाब झालेच नाहीत, त्यांच्याबद्दल नळावर काय बोलणार? सेविकाबाईंनी न घडणाऱ्या गोष्टीऐवजी घडणारी, दिसणारी एक गोष्ट आईला शोधून दिली होती. त्या दिवसापासून कुठलाही मजकूर लिहिण्याआधी मी विचारते, की हे करून बघणाऱ्या बाईला संध्याकाळपर्यंत काय दिसेल? ते सापडलं नाही, तर मी लिहायला घेत नाही.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी आधी प्रशिक्षित परिचारिका गावात पाठवून पाहिल्या. ते जमेना. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन आपल्या आळीत सांगत. परिचारिकेला जास्त येत होतं, यात शंका नाही. पण गावातल्या बाईने सांगितलेलं खोटं निघालं, तर उद्या तिला त्याच पाणवठ्यावर यायचं होतं. सांगणाऱ्याने आपली पत पणाला लावलेली असते, म्हणून शेजाऱ्याच्या शब्दाला वजन येतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या अभ्यासकांनी संकरित मक्याबद्दल १९४३ मध्ये हेच नोंदवलं. नव्या बियाण्याची माहिती सर्वाधिक शेतकऱ्यांना विक्रेत्याकडून कळली होती, पेरायचं धाडस मात्र शेजाऱ्याच्या शेताकडे बघून आलं. तेही आधी एका तुकड्यात पेरून.

‘म्हणजे अनुभवाला शरण जायचं का?’ असं माझे विज्ञानवादी मित्र मला विचारतात. प्रश्न योग्य आहे, कारण भोंदूही याच वाटेने येतो. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन माळ घालून घेतलेला माणूस ‘मला गुण आला’ असं सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नाही. अ प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते आणि श्रेय माळेला जातं. एखादी गोष्ट खरी आहे का, हे ठरवण्याचं काम ‘मला गुण आला’ या वाक्याचं नव्हे. ते चाचण्यांचं, आकड्यांचं, तपासणीचं काम आहे आणि त्याबाबत माझं मत तसूभरही बदललेलं नाही. बदललं ते इतकंच, की तपासून खरं ठरलेलं ज्ञान लोकांपर्यंत जायचं असेल, तर त्यालाही याच वाटेने जावं लागतं. भोंदूला ती वाट माहीत आहे आणि आपल्याला तिची लाज वाटते, एवढ्यामुळेच तो पुढे असतो.

‘सांगोवांगीच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका’ हे वाक्य मी आता लिहीत नाही. पत्रकं मात्र अजून लिहिते, कारण प्रमाण आणि माप बिनचूक राहायला कागद लागतोच. त्याच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. जलसंजीवनीची पाकिटं सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळतात, ती घरात असावीत. पण ती नसतील तेव्हासाठी आज एकदा हे करून बघा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. विरघळलं, की चव घ्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं, तर ओतून द्या आणि पुन्हा करा. बाळाला देताना चमच्या-चमच्याने द्या, अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवा. जुलाबात रक्त दिसलं, पोर सुस्तावलं किंवा पाणी पिईनासं झालं, तर लगेच दवाखाना गाठा. एवढं जमलं, की शेजारच्या एका घरी जा. त्यांना हा लेख वाचून दाखवू नका. पाणी त्यांच्या हातून करवून घ्या.